ठकबाजी : ओळखावी कशी, कळवावी कोठें

(ज्युबिली महोत्सवानिमित्त भरलेल्या धर्मग्रामस्थांच्या सभेंत केलेलें भाषण)



आपल्या देवळाच्या ज्युबिलीच्या या मंगल दिवसांत ठकबाजीवर भाषण व्हावें, हें आपणांपैकीं कांहींजणांस अप्रस्तुत वाटलें असेल. उत्सवांत स्तोत्रें असावीं, पूर्वजांचें स्मरण असावें, उपकारकर्त्यांचे आभार असावेत. तेथें चोरांच्या गोष्टी कशाला? परंतु ज्युबिलीची कल्पना ज्या ग्रंथांतून आपणांकडे आली तो ग्रंथच उघडून पाहावा. जुन्या करारांतील लेवीयांच्या ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत पन्नासाव्या वर्षाचा हा उत्सव नेमून दिला आहे. त्या वर्षीं देशभर शिंग फुंकावें, दास झालेल्यांस मोकळें करावें आणि हातची गेलेली वडिलोपार्जित जमीन ज्याची त्याला परत मिळावी, असा तो नियम आहे. आणि त्याच अध्यायांत लगेच पुढें अशीहि आज्ञा आहे कीं, विकतांना किंवा विकत घेतांना कोणीं आपल्या बांधवाची फसवणूक करूं नये. ज्युबिलीचा आनंद आणि व्यवहारांतील सचोटी हीं दोन्ही परमेश्वरानें अशीं एकाच ठिकाणीं सांगितलीं आहेत. सबब हा विषय आजच्या दिवसास शोभणारा आहे, असें मी समजतों.

मला आज मुख्यतः एकच गोष्ट आपणांपुढें मांडावयाची आहे. ठकाच्या हुशारीचा पुष्कळ बोलबाला होतो. परंतु त्याचें खरें भांडवल आहे तें आपलें मौन. पैसे घेण्यापूर्वीं तो आपणांस कोणाला कांहीं विचारूं देत नाहीं; आणि पैसे गेल्यानंतर आपण लाजेनें कोणाला कांहीं सांगत नाहीं. या दोन मौनांच्या मधल्या जागेंत त्याचा सारा धंदा चालतो. हीं दोन मौनें मोडलीं तर त्याचा अर्धा व्यापार बसेल.

फसवणूक ही आजची नव्हे. आमोस संदेष्ट्यानें ख्रिस्तपूर्व आठव्या शतकांत आपल्या काळच्या व्यापाऱ्यांचें वाभाडे काढले ते याच पापासाठीं. धान्याचें माप लहान करावें, पैसे तोलण्याचें वजन मोठें करावें, तराजूंत खोट ठेवावी आणि गव्हाबरोबर भुसा विकावा, अशी त्यांची रीत होती. परंतु ती फसवणूक निदान डोळ्यांसमोर होत असे. आपले वाडवडील बाजारांत तराजूच्या कांट्यावर नजर ठेवून उभे राहत. संशय आला तर दुसऱ्या दुकानीं जात. आजचा ठक बाजारांत येत नाहीं. तो आपल्या खिशांतल्या मोबाइलमधून थेट आपल्या माजघरांत येतो, आपलें नांव घेऊन हांक मारतो, आणि त्याचा तराजू आपणांस दिसत नाहीं. म्हणून तो ओळखण्याच्या खुणा निराळ्या शिकून घ्याव्या लागतात. त्या शिकण्यासाठीं पवित्र ग्रंथांतील दोन हकीकती व इतिहासांतील एक, एवढ्या मला पुरेशा वाटतात.

पहिली हकीकत यहोशवाच्या ग्रंथाच्या नवव्या अध्यायांतील आहे. इस्राएल लोक एकामागून एक नगरें जिंकीत येत आहेत असें पाहून गिबोनच्या लोकांनीं एक युक्ति केली. जुनीं पोतीं, फाटून पुनः शिवलेले द्राक्षारसाचे बुधले, ठिगळें लावलेले जोडे, झिजलेले कपडे आणि बुरशी आलेली वाळकी भाकर असा सरंजाम घेऊन ते आले व म्हणाले कीं, आम्ही फार दूर देशाहून आलों आहों, आमच्याशीं तह करा. पुराव्याला कांहीं उणें नव्हतें. भाकर हातांत घेऊन पाहिली तर ती खरोखरच बुरसलेली! इस्राएलाच्या वडील मंडळींनीं तो शिधा पाहिला, विश्वास ठेवला आणि शपथ वाहून तह केला. तीन दिवसांनीं कळलें कीं हे तर आपले शेजारीच. ग्रंथकार वडील मंडळींचा दोष एवढाच दाखवितो कीं, त्यांनीं परमेश्वरास विचारलें नाहीं.

या बुरसलेल्या भाकरीचा आजचा अवतार म्हणजे ज्यास 'डिजिटल अटक' असें म्हणतात तो प्रकार होय. फोन येतो कीं, आपल्या नांवें पाठविलेल्या पार्सलांत मादक पदार्थ सांपडले आहेत, किंवा आपल्या आधार क्रमांकावर उघडलेल्या खात्यांतून काळा पैसा फिरला आहे. मग व्हिडिओवर गणवेशांतला अधिकारी दिसतो. त्याच्या मागें राजमुद्रा, हातांत शिक्क्याचा कागद, त्यावर आपलेंच नांव. 'कॅमेरा बंद करूं नका, खोलीबाहेर जाऊं नका, घरांत कोणास सांगूं नका,' असें दरडावण्यांत येतें; आणि शेवटीं 'तपासणीसाठीं' सर्व ठेव अमुक खात्यांत भरा, निर्दोष ठरल्यास परत मिळेल, असें सांगण्यांत येतें. २७ ऑक्टोबर २०२४ रोजीं 'मन की बात' या भाषणांत पंतप्रधानांनीं देशास स्पष्ट सांगितलें कीं, अशी अटक कायद्यांत कोठेंच नाहीं. कोणतेंहि पोलिस खातें, सीबीआय, कस्टम किंवा न्यायालय फोनवर माणसाला अटक करीत नाहीं आणि चौकशीसाठीं पैसे भरून घेत नाहीं. तेव्हां 'कोणास सांगूं नका' हे शब्द ऐकतांच समजावें कीं समोर ठक आहे. प्रामाणिक माणसाला आपल्या बायकोमुलांची भीति वाटत नाहीं.

दुसरी हकीकत उत्पत्तीच्या ग्रंथांतील आहे. वृद्ध इसहाकाची दृष्टि गेली होती. धाकटा याकोब थोरल्या भावाचे कपडे घालून, हातांवर व मानेवर करडांचीं कातडीं गुंडाळून, बापाजवळ आशीर्वाद मागावयास आला. म्हाताऱ्यास संशय आला. आवाज तर धाकट्याचा वाटला. पण हात चांचपून पाहिले ते केसाळ लागले, वस्त्रांस शेताचा वास आला, आणि त्यानें आपला संशय गिळला. इसहाकाजवळ खरी खूण एकच होती आणि तीच त्यानें सोडून दिली. आपलेंहि असेंच होतें. फसलेल्या माणसाला नंतर विचारावें तर तो बहुधा सांगतो कीं मधेंच कोठेंतरी मनांत पाल चुकचुकली होती. ती चुकचुक हीच देवाची देणगी समजावी. दहा पुरावे खरे वाटले आणि एक खोटा वाटला तर त्या एकासाठीं थांबावें.

आज तर इसहाकाच्या हातीं होती ती खूणहि राहिली नाहीं, कारण आवाजाचीहि नक्कल यंत्रानें करतां येऊं लागली आहे. समाजमाध्यमांवर टाकलेल्या एखाद्या ध्वनिचित्रणांतून मुलाचा किंवा नातीचा आवाज उचलून, 'आई, अपघात झाला, लगेच पैसे पाठव,' असा रडवेला निरोप ऐकविण्यांत येतो. अशा वेळीं एकच करावें. फोन ठेवावा, आणि आपल्याजवळ पूर्वीपासून असलेल्या क्रमांकावर त्या मुलाला स्वतः फोन लावावा. घरच्या माणसांनीं आपसांत एखादा खुणेचा शब्द ठरवून ठेवावा, हेंहि फार उपयोगाचें आहे. आजीच्या माहेरच्या विहिरीचें नांव विचारलें तर ठकाला तें सांगतां यावयाचें नाहीं.

तिसरी हकीकत अमेरिकेंतील बोस्टन शहराची. चार्ल्स पोंझी नांवाच्या इटलीहून आलेल्या गृहस्थानें १९१९ च्या अखेरीस तेथें एक पेढी काढली. परदेशीं मिळणारीं टपालाचीं उत्तर-कूपनें स्वस्तांत घेऊन अमेरिकेंत महाग वटवावयाचीं असा आपला व्यापार आहे, असें सांगून पंचेचाळीस दिवसांत शेंकडा पन्नास नफा देण्याचें त्यानें वचन दिलें. पहिल्या लोकांना नफा खरोखरच मिळाला. तो आला कोठून? मागाहून येणाऱ्यांच्या मुद्दलांतून! परंतु ज्यांना मिळाला त्यांनीं आपल्या भावाला, विहिणीला, शेजाऱ्याला शुद्ध मनानें सांगितलें, आणि हजारों लोकांनीं आपली शिल्लक आणून ओतली. त्यांत पोंझीसारखेच इटलीहून आलेले कष्टकरी पुष्कळ होते. १९२० च्या उन्हाळ्यांत एका वृत्तपत्रानें साधें गणित मांडलें: एवढ्या पैशाला सोळा कोटी कूपनें लागतील, आणि चलनांत आहेत सुमारें सत्तावीस हजार. त्याच ऑगस्टमध्यें पोंझीला अटक झाली व पेढी बुडाली.

या हकीकतींतील खरी बोचणारी गोष्ट पोंझीची लबाडी नव्हे. अशा योजनेंत प्रामाणिक माणूस नकळत ठकाचा दलाल होतो, ही ती गोष्ट होय. आपल्या समाजांत हा धोका विशेष आहे. कारण आपण एकमेकांवर विश्वास ठेवतों, एका देवळांत जातों, एक बोली बोलतों, आणि 'अमक्या काकांनीं पैसे घातले आहेत' एवढ्यावर चौकशी संपते. काकांची सचोटी ही पेढीची सचोटी नव्हे. पैसे दुप्पट करून देणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा: हा नफा कोणत्या व्यापारांतून येतो? ठेवी घेण्याचा परवाना रिझर्व्ह बँकेकडून आहे काय, गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्याची सेबीकडे नोंद आहे काय, हें पाहावें. हल्लीं व्हॉट्सॲपवर शेअर बाजाराचे वर्ग भरतात. त्यांनीं दिलेल्या ॲपवर नफ्याचे आंकडे रोज फुगतांना दिसतात, आरंभीं थोडी रक्कम परतहि काढूं देतात. ही रक्कम म्हणजे गळाला लावलेलें गांडूळ आहे. मोठी रक्कम काढावयास गेलें कीं 'आधीं कर भरा' म्हणून आणखी पैसे मागतात.

आतां दैनंदिन व्यवहारांतील कांहीं खुणा थोडक्यांत सांगतों, त्या घरीं जाऊन वडीलधाऱ्यांस सांगाव्या. यूपीआयचा पिन हा फक्त पैसे देण्यासाठीं लागतो. पैसे घेण्यासाठीं पिन घालावा लागत नाहीं व क्यूआर कोडहि आपण स्कॅन करावा लागत नाहीं. तेव्हां 'तुमचे पैसे परत देतों, पिन घाला' म्हणणारा ठक समजावा. ओटीपी ही आपल्या तिजोरीची किल्ली आहे. बँकेचा खरा नोकर ती मागत नाहीं. लग्नपत्रिका, दंडाची पावती किंवा बँकेचें पत्र म्हणून एपीके नांवाची फाइल आली तर ती उघडूं नये. तिच्या वाटे आपला मोबाइल परक्याच्या ताब्यांत जातो. 'आज रात्रीं तुमची वीज तोडली जाईल' असा निरोप आला तर त्यांत दिलेल्या क्रमांकावर फोन न करितां वीजबिलावरील क्रमांकावर करावा. बँकेचा क्रमांक इंटरनेटवर शोधूं नये, तेथें ठकांनीं आपलेच क्रमांक मांडून ठेवलेले असतात. तो पासबुकावर किंवा कार्डाच्या मागें पाहावा. या सर्वांतून सूत्र एकच निघतें. घाई, भीति, लोभ आणि गुप्तता या चौघी जेथें एकत्र दिसतील तेथें व्यवहार थांबवावा.

परदेशच्या नोकरीविषयीं स्वतंत्रपणें बोलणें अवश्य आहे, कारण आपल्या किती घरांचीं कौलें आखाताच्या कमाईवर चढलीं हें आपण जाणतां. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणें परदेशीं नोकरीस माणसें पाठविणाऱ्या दलालाला सरकारी नोंदणी लागते. ती नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' या संकेतस्थळावर पाहतां येते. लाखों रुपये रोख मागणारा, पावती न देणारा, आणि 'आतां पर्यटनाच्या व्हिसावर जा, पुढें बदलून घेऊं' म्हणणारा दलाल दिसला तर दाराची कडी लावावी. थायलंडमध्यें संगणकाची नोकरी देतों म्हणून नेलेल्या शेंकडों भारतीय तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारांत कोंडून, त्यांच्याकडून दिवसरात्र लोकांना फसविण्याचेंच काम करून घेण्यांत आलें. २०२५ च्या मार्चमध्यें दोन विमानांतून अशा पांचशेंहून अधिक जणांस भारत सरकारनें मायदेशीं आणलें. म्हणजे आपणांस फोन करणारा आवाज कधीं कधीं स्वतःच एका बंदिवानाचा असतो. त्याला पैसे मात्र देऊं नयेत. पण फोन ठेवल्यावर त्याच्यासाठीं एक 'नमो मरिया' म्हणावयास हरकत नाहीं.

आणखी एक इशारा आपल्या तरुणांस. 'तुझें बँकेचें खातें थोडे दिवस आम्हांला वापरूं दे, दरमहा कमिशन देऊं,' असें कोणी म्हणाला तर तो तुम्हांला चोरीच्या मालाचें कोठार बनवीत आहे. लुबाडलेला पैसा अशाच भाड्याच्या खात्यांतून पळविला जातो, आणि पोलिस पहिल्यानें येतात ते खातेदाराच्या दारीं. 'मीं स्वतः चोरी केली नाहीं' हें उत्तर न्यायालयांत पुरत नाहीं, आणि सातव्या आज्ञेपुढें तर मुळींच पुरत नाहीं. चोराला जाणून-बुजून हातभार लावणारा चोरीचा वाटेकरी होतो.

बंधुभगिनींनो, येथवर पहिल्या मौनाविषयीं झालें. आतां दुसऱ्या, आणि माझ्या मतें अधिक घातक, मौनाकडे वळतों. फसलेला मनुष्य गप्प कां बसतो? त्याला वाटतें कीं लोक हंसतील, मुलें रागावतील, सून टोमणे मारील, देवळाच्या पायरीवर चर्चा होईल. कांहींनीं तर या लाजेच्या ओझ्याखालीं आपला जीव दिल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. म्हणून ही गोष्ट या सभेंत निक्षून सांगितली पाहिजे: फसणें हें पाप नव्हे. पाप फसविणाऱ्याचें आहे. ज्याचा विश्वासघात झाला त्याला पापनिवेदनांत सांगण्यासारखें त्यांत कांहीं नाहीं. त्यानें जावयाचें तें पोलिस ठाण्यांत. आणि फसतात ते केवळ अडाणी लोक, ही समजूतहि खोटी आहे. २०२४ मध्यें पंजाबांतील एका नामांकित उद्योगपतीला पडद्यावर खोट्या सर्वोच्च न्यायालयाचा देखावा दाखवून सुमारें सात कोटी रुपयांस लुबाडण्यांत आलें. त्यांनीं लाज बाजूस ठेवून तक्रार केली, आणि पोलिसांनीं त्यांतील पांच कोटींहून अधिक रक्कम परत मिळविली. ते गप्प बसते तर सातहि कोटी गेले असते, आणि ती टोळी दुसऱ्या दिवशीं दुसऱ्या दारीं उभी राहिली असती.

घरच्या माणसांवरहि येथें एक जबाबदारी येते. आईनें भीत भीत सांगितलें कीं, 'बाळा, माझ्या खात्यांतून पैसे गेले,' तर पहिला शब्द रागाचा निघूं नये. एकदां रागावलात तर पुढच्या वेळीं ती सांगणार नाहीं, आणि त्या न सांगण्याची किंमत गेलेल्या पैशांहून मोठी असेल. 'बरें झालें सांगितलेंस, चल आतां फोन करूं,' हें वाक्य आपल्या घरोघरीं तोंडपाठ असावें.

फोन कोणाला करावयाचा? पहिला क्रमांक १९३०. सायबर फसवणुकीची खबर देण्यासाठीं केंद्रीय गृहमंत्रालयानें २०२१ मध्यें उभारलेल्या व्यवस्थेचा हा क्रमांक आहे. तिचें काम कसें चालतें हें समजलें म्हणजे घाईचें महत्त्व कळेल. लुबाडलेला पैसा एका खात्यांत पडून राहत नाहीं. तो पहिल्यांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून पांच-दहा खात्यांत वांटला जातो, आणि शेवटीं रोख काढला जातो किंवा आभासी चलनांत बदलला जातो. १९३० वर तक्रार नोंदली कीं ती संबंधित बँकांकडे पोंचते, आणि पैसा वाटेंत ज्या खात्यांत सांपडेल तेथें तो अडकवितां येतो. म्हणून पहिला तास सोन्याचा; दुसऱ्या दिवसावर टाकलेली तक्रार पुष्कळदां रिकाम्या खात्यावर जाऊन आदळते. फोन करतांना व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ, आपल्या बँकेचें नांव आणि ठकाचा मोबाइल क्रमांक जवळ असावा. आलेले निरोप पुसून टाकूं नयेत. तोच पुरावा असतो. हीच तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरहि नोंदवितां येते.

दुसरें, त्याच वेळीं आपल्या बँकेला कळवावें, कार्ड व खातें बंद करवावें आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. रिझर्व्ह बँकेनें ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानें यासंबंधीं एक महत्त्वाचें तत्त्व घालून दिलें. बँकेचा किंवा खातेदाराचा दोष नसतां तिसऱ्याच कोणीं पैसे काढले, आणि खातेदारानें बँकेची सूचना मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळविलें, तर नुकसान खातेदाराच्या माथीं मारूं नये. उशीर झाला तर त्याच्यावरील भार वाढतो. खातेदारानें स्वतः ओटीपी वगैरे सांगितल्यामुळें पैसे गेले असतील तर कळवीपर्यंतचें नुकसान त्याचें, कळविल्यानंतरचें बँकेचें, असा त्या परिपत्रकाचा निवाडा आहे. अशा नियमांत वेळोवेळीं सुधारणा होतात, तेव्हां आजचा नियम आपल्या शाखेंत विचारून घ्यावा. परंतु लवकर कळविणाऱ्याची बाजू भक्कम, हें तत्त्व ध्यानांत ठेवावें. बँकेनें तीस दिवसांत दाद दिली नाहीं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करतां येते.

तिसरें, पोलिस ठाणें. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाप्रमाणें, गुन्हा कोणत्याहि हद्दींत घडलेला असो, त्याची खबर कोणत्याहि ठाण्यांत देतां येते, आणि नोंदलेल्या खबरीची प्रत विनामूल्य मिळते. 'हें आमच्या हद्दींत येत नाहीं' असें उत्तर मिळाल्यास नम्रपणें पण ठामपणें या कलमाचें नांव घ्यावें. बुडव्या पेढीनें ठेवी गिळल्या असतील तर ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा महाराष्ट्राचा खास कायदा आहे. त्याखालीं पेढीची व तिच्या चालकांची मालमत्ता जप्त करतां येते. अशा वेळीं एकेकट्यानें रडत न बसतां सर्व ठेवीदारांनीं कागदपत्रांसह मिळून जावें.

चौथें, साध्या दुकानदारीची फसवणूक. मागविलें एक आणि आलें दुसरें, नवें म्हणून जुनें दिलें, कबूल केलेली दुरुस्ती केली नाहीं, अशा तक्रारींसाठीं राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेवढ्यानें न भागल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातां येतें. वकील दिलाच पाहिजे असें नाहीं. मात्र पावती हवी, आणि तक्रार दोन वर्षांच्या आंत हवी. आणि पैसे गेले नसले, केवळ ठकाचा फोन किंवा निरोप आला असला, तरी तोहि कळवावा. दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर २०२४ च्या मार्चपासून 'चक्षु' नांवाची सोय त्यासाठींच आहे. आपण वांचलों म्हणून गप्प बसणें म्हणजे वाटेवरील विहीर उघडी पाहून स्वतः वळसा घालून जाणें होय. मागून येणाऱ्या आंधळ्यासाठीं तेथें फांदी आडवी टाकावी, ही साधी माणुसकी आहे.

येथेंच दुसऱ्या एका ठकापासून जपावें. पैसे गेल्याची बातमी फुटली कीं 'थोडी फी भरा, तुमचे पैसे मी परत काढून देतों' म्हणणारे वकील, अधिकारी किंवा संगणकतज्ज्ञ म्हणवणारे फोन करूं लागतात. बहुधा हे पहिल्याच टोळीचे सोबती असतात. वर सांगितलेल्या १९३० च्या, लोकपालाकडील व पोलिस ठाण्यांतील तक्रारींस फी पडत नाहीं, हें लक्षांत असावें.

कांहींजण म्हणतील कीं, ख्रिस्ती मनुष्यानें क्षमा करावी, फिर्याद कशाला? क्षमा अवश्य करावी. परंतु क्षमा आपल्यावर झालेल्या अपराधाची करावयाची असते. शेजाऱ्यावर उद्यां होणाऱ्या अपराधाची क्षमा करण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला? आणि क्षमेनें परतफेडीचें ऋण फिटत नाहीं. जक्कयानें प्रभूला घरांत घेतलें त्याच दिवशीं, ज्यांना नागविलें त्यांना चौपट परत करण्याचा शब्द दिला. आपली तक्रार ठकालाहि त्या परतफेडीच्या वाटेवर आणणारी ठरूं शकते.

शेवटीं, आपल्या धर्मग्रामानें काय करावें? ज्युबिलीचें स्मारक म्हणून चार लहान गोष्टी मी सुचवितों. एक, १९३० हा क्रमांक मोठ्या अक्षरांत देवळाच्या फलकावर कायमचा लावावा, व प्रत्येक घरांत फोनशेजारीं लिहून ठेवावा. दोन, महिन्यांतून एका रविवारीं मिस्सेनंतर आपल्या तरुणांनीं वृद्धांजवळ अर्धा तास बसून, त्यांच्या मोबाइलवर आलेले संशयास्पद निरोप पाहून द्यावेत. ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत अशा एकट्या आजीआजोबांच्या घरीं जावें. तीन, धर्मगुरूंच्या किंवा महागुरुस्वामींच्या नांवानें 'तांतडीची मदत पाठवा' असे खोटे निरोप पाठविण्याची चाल ठकांनीं अनेक देशांत पाडली आहे. यास्तव धर्मग्रामाच्या कार्यालयानें जाहीर करावें कीं, आम्ही कोणाकडेहि फोनवरून पैसे मागत नाहीं, वर्गणी पावतीनेंच घेतों. चार, फसलेल्या कुटुंबाच्या घरीं पहिल्या संध्याकाळीं कोणीतरी जावें. त्यांना सल्ल्याआधीं सोबत हवी असते. आणि ठाण्यांत जावयास बरोबर एक माणूस असला कीं पाऊल उचलतें.

आपल्या पूर्वजांनीं हें देऊळ उभारलें तें एकमेकांच्या विश्वासावर. तो विश्वास कमी करा असें सांगावयास मी आलों नाहीं. उलट, तो जपावयाचा असेल तर त्याच्या दाराशीं जागता पहारा हवा. शिष्यांना पाठवितांना प्रभूनें त्यांच्याकडे निष्कपटपणा आणि चतुरपणा दोन्ही मागितलीं होतीं. त्यांतील एकच घेऊन आपलें भागणार नाहीं. पवित्र मरियेच्या मध्यस्थीनें परमेश्वर आपल्या घरांचें, विशेषतः एकट्या राहणाऱ्या वृद्धांचें, रक्षण करो, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.